नऊ घरं, नोंद ‘बंद’

माझी जीभ डोक्याच्या आधी चालते. माहेरी आई म्हणायची, हिला आधी बोलून घेऊ द्या, विचार ती नंतर सवडीनं करते. लग्न होऊन भरे गावात आले त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी त्यात काही फरक पडलेला नाही. इतके दिवस मला याचं थोडं कौतुकच वाटायचं. चार बायकांत आपलं ऐकलं जातं, भाडेकरू पायरीवर चपला पसरून ठेवत नाहीत, दुधात पाणी घालायची कुणाची छाती होत नाही. पण दोन पावसाळ्यांपूर्वी याच जिभेनं मी एक वाक्य बोलले, आणि ते आठवलं की आजही भाकरी थापता थापता माझा हात थांबतो. लाज वाटते. याला दुसरा शब्द शोधायची गरज नाही. घरात मी हे कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण तोंडानं सांगायला गेले की तिसऱ्या वाक्याला मी माझीच बाजू घ्यायला लागते. म्हणून लिहिते आहे.

आमची काही जमीन विकली गेली, काही राहिली. विकलेल्यातून रस्त्याकडेला खोल्या निघाल्या आणि एक सात सीटची गाडी आली. ती गाडी मी चालवते. सकाळी पिरंगुट, नेरे असं करत नोकरीवाल्या मुली गोळा करायच्या, हिंजवडीत सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. गाडी बाईमाणूस चालवतंय म्हणून त्यांच्या आयांना बरं वाटतं. राहिलेल्या जमिनीत भात होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा पण आहे की घरात विकतचा तांदूळ शिजला त्या दिवशी त्या उपाशी झोपतील. त्यामुळे परवडो न परवडो, आषाढात आमच्या चार खाचरांत आवणी होतेच. वाफ्यातली रोपं उपटायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात वाकून एकेक लावायची. सांगायला सोपं आहे. अर्ध्या दिवसात माझी कंबर बोलायला लागते.

आवणीला माणसं लागतात, आणि ती वरून येतात. वरून म्हणजे धरणापलीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवरून. आम्ही त्यांना ‘वरची’ म्हणतो. वरच्या आल्या का, वरच्यांना चहा झाला का, वरच्यांची भाकरी किती टाकायची. दरसाल तीच टोळी येते, बायका आणि गडी मिळून पंधराएक माणसं, आणि काम उरकेपर्यंत आमच्या मागच्या पडवीत राहते. त्यांची लेकरं आश्रमशाळेत असतात. टोळीची पुढारी माझ्याच वयाची एक बाई आहे. ती मला वैनी म्हणते. मी तिला ‘अगं’ म्हणते, कारण सगळे तिला वरची म्हणतात आणि वरची अशी हाक मारता येत नाही. पूर्वी तिची सासूही यायची. लावणीत त्या म्हातारीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आमच्या आत्यासुद्धा ते कबूल करतात. पुढं म्हातारीचे गुडघे गेले. तेव्हापासून ती मागं राहायची, शेरडं सांभाळायची, आणि टोळी खाली आली की वाडीतल्या सगळ्या घरांवर नजर ठेवायची.

त्या वर्षी आवणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमी आली की वरच्या अंगाला दरड कोसळली. कुठल्या वाडीवर, किती घरं, कुणाला नीट सांगता येईना. विजेचे खांब आडवे झाले होते आणि तिकडचा एकही फोन लागत नव्हता. त्याच संध्याकाळी मला माझ्या गाडीतल्या एका मुलीचा फोन आला. ती हिंजवडीत इंटरनेटवरच्या नकाशांचं काम करते. गाडीत आम्ही तिला मॅडम म्हणायचो, वयानं माझ्या पोरीएवढी असली तरी.

“ताई, तुमची गाडी दोन दिवस मिळेल? टपावर कॅमेरा लावायचा. रस्त्याचे फोटो हवेत, अर्जंट. मदतीच्या गाड्या कुठपर्यंत जाऊ शकतात, कुठं माणसं आहेत, हे बाहेरच्या लोकांना नकाशावर दिसलं पाहिजे. आमचे नेहमीचे ड्रायव्हर पुण्यातले आहेत, त्यांना तिकडचे रस्ते माहीत नाहीत.”

मी लगेच हो म्हणाले. चांगलं काम होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याला विचारलं याचाही मोठेपणा वाटला.

सकाळी सातला मॅडम कॅमेरा घेऊन दारात हजर. टपावर एक दांडा, दांड्यावर नारळाएवढा काळा गोळा, त्याला चारी बाजूंनी डोळे. आत्या ओट्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “आपलं ठिवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. आता वाकायला बी नगं, टपावरनंच बघा.” मॅडमला हसू आलं. मग तिनं मला शिकवलं. गाडी सायकलच्या वेगानं चालवायची. एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, फोटोंची माळ तुटते. माणसं आडवी आली तर काळजी करू नका, तोंडं आपोआप पुसट होतात. आणि प्रत्येक वस्ती ओलांडली की फोनवर एक नोंद करायची, तीनपैकी एक: राहती, पडलेली, बंद.

“बंद म्हणजे?” मी विचारलं.

“परमनंटली क्लोज्ड. लवासाला जाताना कुलूप लावलेले फ्लॅट दिसतात ना, तसं. कोणी राहतच नाही, ते बंद.”

हे तिनं मला सांगितलं होतं. मी हे मुद्दाम इथं लिहून ठेवते, कारण पुढं मी ते विसरल्याचं सोंग केलं.

मॅडम ऑफिसला गेली आणि मी गाडी काढणार तोच पडवीतून टोळी बाहेर आली. सगळ्यांनी गाठोडी बांधलेली. त्यांची पुढारी पुढं झाली.

“वैनी, आमी जातो. दरड आमच्याच बाजूला झालीया म्हणत्यात. म्हातारी एकटी हाय.”

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, यात विचार करण्यासारखं काय आहे, जाऊ द्यायचं. पण माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते सांगते. दोन खाचरं लावून झालेली, दोन बाकी, आणि त्या दोन्हींची रोपं आदल्या दिवशी उपटून, मुठी बांधून बांधावर ठेवलेली. उपटलेलं रोप फार दिवस राहत नाही, पिवळं पडतं. टोळी एकदा वर गेली की परत येते का, कधी येते, याचा नेम नाही. आत्या ओट्यावरून माझ्याकडं बघत होत्या. म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली नाही. मुठी आल्या.

“अगं, मी तिकडंच चाललेय की,” मी म्हणाले. “हा कॅमेरा त्यासाठीच लावलाय. तुम्ही चालत जाणार, रस्ता बंद असला तर मध्येच अडकणार. मी जाऊन तुमची घरं बघते, म्हातारीला बघते, आणि दुपारपर्यंत फोटो घेऊन येते. काही कमीजास्त असलं तर मीच तुम्हाला गाडीनं सोडते. आवणी अर्धी टाकून कुठं जाता?”

तिनं गडीमाणसांकडं पाहिलं. मग तिनं मला विचारलं, “म्हातारीला बगून याल? नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले. तिनं गाठोडं खाली ठेवलं. मी सुटले एकदाची, असंच मला वाटलं.

धरणाच्या कडेकडेनं मी वर गेले. पाऊस थांबून थांबून येत होता आणि दर वेळी उतरून, पायरीवर चढून, तो काळा गोळा ओढणीनं पुसावा लागत होता. पहिल्या दोन गावांत फारसं काही नव्हतं. तिसऱ्या वळणानंतर डोंगराची लाल कूस उघडी पडलेली दिसली, आणि त्याखाली खाचरंच नव्हती. नुसता चिखल, त्यात एक नांगर, एक प्लास्टिकची टाकी, एका घराचं फक्त दार. रस्त्यावरचा राडारोडा कुणीतरी बाजूला ओढून एका गाडीपुरती वाट केली होती. मला रडू आलं. रडत रडत मी सायकलच्या वेगानं गाडी चालवली, कारण माळ तुटू द्यायची नव्हती.

तिथं एक म्हातारा भेटला. त्यानं लांबून टपावरचा कॅमेरा पाहिला, घाईनं टोपी सारखी केली आणि आपल्या पडलेल्या घरासमोर ताठ उभा राहिला. मी काच खाली करून म्हणाले, “बाबा, थांबू नका, चालता फोटो आहे.”

“आला का फोटू?”

“आला. पण तोंड दिसणार नाही, ते पुसतात.”

“तोंड कशापायी पुसत्यात?” तो म्हणाला. “मंग कळायचं कसं, कुणाचं घर पडलंय ते?”

“नियम आहे,” असं काहीतरी म्हणून पुढं निघाले. तिथं मात्र मी नोंद नीट केली: पडलेली. एवढं एक मी त्या दिवशी बरोबर केलं.

ओढा ओलांडला की डावीकडं एक कच्चा रस्ता चढतो. टोळीनं सांगितलेल्या खुणेवरून मी वळले. पहिल्यांदाच मी त्यांच्या वाडीत जात होते. पंचवीस वर्षं त्यांच्या हातचा तांदूळ खाल्ला, पण मधून मधून फार तर ‘तुमचं वर कसं काय’ एवढंच विचारलेलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला एका ओळीत नऊ घरं होती, कुडाच्या भिंती, वर कौलं, काहींवर पत्रा. सगळी उभी. माझा जीव भांड्यात पडला. प्रत्येक दाराला एकेक काटेरी फांदी आडवी लावलेली. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे की दाराला काटी लावलेली असली म्हणजे घरची माणसं कामाला गेलीत, परत येणार आहेत. कुत्रं, कोंबडी आत जाऊ नये म्हणून ती लावतात. कुलूप लावण्याइतकं आत काही नसतं आणि काटी हलवून आत जाईल असं शेजारी कुणी नसतं.

मी घरांसमोरून गाडी नेली आणि तेवढ्यात शेवटच्या घराच्या मागून म्हातारी आली. अंगावर खताच्या पोत्याची खोळ, एका हातात काठी. गुडघ्यांनी जमेल तेवढी भरभर उताराला लागली आणि मोकळा हात डोक्यावर नेऊन जोरजोरानं हलवायला लागली. काहीतरी ओरडतही होती. काचा बंद, वर पावसाचा आवाज, मला ऐकू आलं नाही.

मी थांबले नाही.

का थांबले नाही, ते मी स्वतःला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. माळ तुटली असती. उशीर होत होता. सकाळी मुली बसनं गेल्या होत्या, पण संध्याकाळी त्यांना आणायला हिंजवडीला वेळेत पोचायचं होतं. सगळं खरं, आणि तरी कारण ते नव्हतं. मला वाटलं, ही आता गाडीत बसायला मागणार. खाली सुनेकडं ने म्हणणार, दोन शेरडं घेऊन. नाहीतर रडगाणं सांगणार, मग मला ते खाली जाऊन सांगावं लागणार, आणि टोळी उठणार. मला काही कळलंच नाही तर काही सांगावंही लागणार नव्हतं. हे इतकं शब्दांत तेव्हा मनात आलं नसेल, पण पाय ब्रेकवर गेला नाही हे खरं.

घरांच्या पुढं रस्ता थोडा जाऊन एका सपाटीवर संपतो. वाटेत एके ठिकाणी मागचं चाक दणकन आपटलं, मी खड्ड्याला शिवी घातली. सपाटीवर गाडी वळवून परत फिरले, तर म्हातारी रस्त्यात. तिनं चार धोंडे आणून दरीच्या बाजूला, अर्ध्या रस्त्यात मांडले होते आणि पाचवा ढकलत होती. मला संताप आला. वाट अडवते म्हणजे काय? मी हॉर्न दाबून धरला. ती बाजूला झाली. मी धोंड्यांच्या आतून, डोंगराला घासून गाडी काढली आणि तिच्याकडं न बघता खाली उतरले. आरशात दिसली तेव्हा ती उभीच होती, आता हात खाली होता.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर नोंद करायला फोन काढला. वस्तीचं नाव विचारलं होतं. मला नाव माहीत नव्हतं. ‘ओढ्यापलीकडची घरं’ असं लिहिलं. खाली तीन खुणा. राहती म्हणावं तर म्हातारी सोडून माणूस नाही, पडलेली म्हणावं तर घरं उभी. दारं बंद होती, म्हणून बंद. आपण बोलतानाही म्हणतोच की, गेले होते पण घर बंद होतं. बोट लावलं आणि झालं.

दुपारी दोनला मी बांधावर पोचले. टोळी वाकून लावत होती. मला बघून सगळी ताठ झाली आणि चिखलातून येऊन फोनभोवती गोळा झाली. कॅमेऱ्यातून फोनवर आलेले घरांचे फोटो मी एकेक करून दाखवले. आपलं दार फोनवर बघून बायका हसायला लागल्या. ‘ह्ये आमचं’, ‘ह्ये बग, काटी तशीच हाय’. एका गड्यानं विचारलं, “मागल्या अंगानं न्हाई काढला?”

“रस्ता पुढून जातो, मागून कसा काढणार?” मी म्हणाले.

टोळीची पुढारी मात्र फोटोकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. “म्हातारी दिसली का?”

“दिसली.”

“कशी हाय?”

“बरी आहे,” मी म्हणाले.

हेच ते वाक्य. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“काय म्हणली?”

“काही नाही. हात केला.”

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला तो मी पाहिला. “मंग ठीक,” ती म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली. आणखी दोन दिवस ती माणसं आमच्या खाचरांत राबली. दोन दिवस पाऊस होता. आवणी सुरेख झाली, आत्या खूष झाल्या. जाताना मी त्यांना नेहमीपेक्षा जास्त तांदूळ दिला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज वेगळा होता.

“ताई, ओढ्यापलीकडची घरं म्हणून तुमची नोंद आहे. तिथं बंद लिहिलंय. मदत वाटणारे लोक आपला नकाशा बघूनच गेले. पत्रे, ताडपत्री, धान्य, सगळीकडे दिलं. त्या वस्तीला कुणी गेलंच नाही, बंद म्हणून. आता तिथली माणसं चालत खाली आली होती. म्हणतात, आम्ही राहतो, आमच्या मागच्या भिंती पडल्यात. असं कसं झालं?”

मी तिला पटवायला सुरुवात केली. आमच्याकडं बंद म्हणजे दाराला काटी लावलेली, माणसं कामाला गेलेली. तुमचा बंद वेगळा, आमचा बंद वेगळा, तुम्ही नीट सांगायला हवं होतं. मी चांगली पाच मिनिटं बोलले. ती बिचारी म्हणाली, “सॉरी ताई, आम्ही शब्दाचा विचार करायला हवा होता.” पोरीनं माझी माफी मागितली, आणि मी ती घेतली. फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. आरशात बघवेना.

खरं म्हणजे मला दोन्ही बंद ठाऊक होते. एक मॅडमनं सकाळी सांगितला होता, दुसरा जन्मापासून माहीत होता. त्या दारांसमोरून जातानाच मला कळत होतं की ही माणसं परत येणार आहेत. मला तर ती कुठं आहेत हेही माहीत होतं. माझ्या खाचरात होती. नऊ घरं रिकामी होती कारण मी त्यांना थांबवून ठेवलं होतं, आणि ती रिकामी आहेत म्हणून मी त्यांना नकाशावरून पुसलं होतं.

नोंद बदलली, राहती झाली. ताडपत्र्या गेल्या, पत्रेही गेले, पण सगळ्यांच्या नंतर. ताडपत्र्या पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरात ‘काम आहे’ एवढंच सांगून वर गेले. या वेळी टपावर काही नव्हतं. घरांसमोर गाडी उभी केली आणि पहिल्यांदाच मागच्या बाजूला गेले. डोंगराकडच्या भिंती नव्हत्याच. दरड पलीकडच्या वाडीवर आली होती, पण इथंही वरून मातीचा लोंढा आला होता आणि मागचे कूड मोडून आत घुसला होता. पुढून सगळं सरळ उभं. आतली चूल, कणगी, अंथरुणं, सगळ्यावर कोरडी पडत चाललेली लाल माती. काही घरांना ताडपत्री बांधलेली होती. टोळीची पुढारी, म्हातारीची सून, कारवीच्या काटक्यांच्या कुडाला नवी माती लिंपत होती. मला पाहून तिनं मान हलवली आणि लिंपत राहिली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

म्हातारी शेरडांजवळ बसली होती. तिला मी जवळून किती वर्षांनी पाहत होते. खोकत होती. ते चार दिवस ती कुठं होती हे मी विचारलं. शेरडांच्या माचाखाली, म्हणाली, तितं कोरडं हुतं. काय खाल्लं, ते मी विचारलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

मी तिच्यासमोर खाली बसले. घरून मी बोलायचं सगळं ठरवून आले होते, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, “आजी, त्या दिवशी गाडीत मी होते. तुम्ही हात करत होता. मला दिसत होतं. मी थांबले नाही.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “गाडी वळकली म्या, तुमचीच. म्या वरडत हुते, फुडं जाऊ नगा म्हून.”

मला कळलं नाही. “पुढं म्हणजे?”

तिनं काठीनं दाखवलं. मी उठून रस्त्यावर गेले आणि पाहिलं. घरांच्या पुढं, जिथं माझं चाक आपटलं होतं, तिथं आता दरीच्या बाजूचा अर्धा रस्ता नव्हता. खाली ओढ्यापर्यंत नुसती ओली माती गेली होती. मी परत येऊन बसले.

“राती चीर पडली हुती,” म्हातारी सांगत होती. “तुमी तर गेलाच. मंग म्या धोंडं लावलं, म्हटलं माघारी येताना तरी आतल्या अंगानं याल. आमची समदी माणसं तुमच्याच दारात हुती. तुमाला काय झालं असतं तर त्यास्नी कोण सांगनार हुतं, म्हातारी जिती हाय म्हून? माझा जीव त्येच्यातच. गाडी खाली गेली तवा म्हटलं, झालं, आता ही सांगंल.” ती खोकली, आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, “सांगितलं न्हवं?”

कुडाला माती लावणारा हात मला दिसत होता. तो थांबला. सुनेनं वळून माझ्याकडं पाहिलं नाही, सासूकडंही पाहिलं नाही.

“सांगितलं की त्यांनी,” ती म्हणाली. “त्याच दिशी सांगितलं. आमालाच यायला उशीर झाला.”